'वर्डल' : एका विनामूल्य दैनंदिन शब्दकोड्याची निर्मिती, प्रसार आणि स्वामित्व

प्रास्ताविक :

वृत्तपत्राच्या आतल्या पानावर कोपऱ्यात छापल्या जाणाऱ्या शब्दकोड्याकडे समीक्षेने सहसा लक्ष दिलेले नाही. कोडे हे वेळ घालवण्याचे साधन आहे, त्यात आस्वाद घेण्याजोगे किंवा चिकित्सा करण्याजोगे काही नाही, अशी धारणा त्यामागे असावी. अशीच धारणा एकेकाळी 'न्यूयॉर्क टाइम्स' या अमेरिकन दैनिकाचीही होती. १९१३ मध्ये आर्थर विन यांनी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये पहिले शब्दकोडे प्रसिद्ध केल्यानंतर दशकभरात तेथे कोड्यांची जी लाट आली, तिची 'टाइम्स'ने १९२४ मध्ये हेटाळणी केली होती. स्वतःचे पहिले कोडे छापायला या दैनिकाला १९४२ साल उजाडले. त्याच दैनिकाने ३१ जानेवारी २०२२ रोजी, एका संगणक अभियंत्याने हौसेखातर तयार केलेले 'वर्डल' हे शब्दकोडे विकत घेतल्याचे जाहीर केले. किंमत नेमकी सांगितली गेली नाही. ती सात आकडी डॉलर्सच्या खालच्या टप्प्यात होती, एवढेच सांगण्यात आले.

ही घटना यशोगाथा म्हणून सर्वश्रुत आहे. एकट्या माणसाने आपल्या जोडीदारासाठी खेळ बनवला, जगाला फुकट दिला, जग त्यावर लुब्ध झाले आणि शेवटी त्याला त्याचे मोल मिळाले, असा तिचा साचा आहे. हा साचा आकर्षक असला तरी त्यात बरेच काही गाळले जाते. प्रस्तुत लेखात 'वर्डल'कडे एक रचना म्हणून पाहिले आहे. हे कोडे विनामूल्य असणे आणि त्याच्या कर्त्याचे स्वातंत्र्य या बाबी केवळ बाह्य व्यवहाराच्या नव्हत्या. त्या रचनेच्याच अंगभूत होत्या. त्यामुळे स्वामित्व बदलल्यावर खेळाचे नियम तेच राहूनही कृती मात्र बदलली, असे येथील प्रतिपादन आहे.

खेळाचे स्वरूप आणि पूर्वपरंपरा :

'वर्डल'चे कर्ते जॉश वॉर्डल हे मूळचे वेल्सचे. कोडे प्रसिद्ध झाले त्या वेळी ते न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहत होते. पूर्वी 'रेडिट' या कंपनीत असताना त्यांनी 'द बटन' (२०१५) आणि 'प्लेस' (२०१७) हे दोन सामूहिक प्रयोग केले होते. अगदी साध्या नियमात असंख्य अनोळखी माणसांना गुंतवणे ही त्यांची पद्धत तेथेच दिसते. कोड्याचे नाव त्यांच्या आडनावावरील कोटी आहे.

खेळ सांगायला चार वाक्ये पुरतात. पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द ओळखायचा, प्रयत्न सहा. प्रत्येक प्रयत्न हा खरा शब्दच असावा लागतो. योग्य जागी असलेले अक्षर हिरवे होते, शब्दात असलेले पण चुकीच्या जागी पडलेले पिवळे, आणि शब्दात नसलेले करडे. दिवसाला एकच कोडे, आणि सर्वांना तोच शब्द.

यातील शेवटचे वाक्य वगळता काहीही नवे नाही. दुसऱ्याने मनात धरलेला पाच अक्षरी शब्द तर्काने शोधण्याचा 'जॉटो' हा खेळ १९५५ पासून ज्ञात आहे. 'मास्टरमाइंड' या १९७० च्या दशकात लोकप्रिय झालेल्या खेळात शब्दांऐवजी रंगीत खुंट्या होत्या, पण 'जागा बरोबर' आणि 'रंग बरोबर, जागा चूक' हा संकेत तोच होता. अमेरिकन दूरचित्रवाणीवर १९८७ मध्ये सुरू झालेला 'लिंगो' तर 'वर्डल'च्या इतका जवळ आहे की दोहोंतील अंतर मुख्यतः पहिले अक्षर आधी सांगण्यापुरते उरते. तेव्हा 'वर्डल'ची मौलिकता कल्पनेत शोधणे व्यर्थ आहे. पुढे स्वामित्वाचा प्रश्न उपस्थित झाला तेव्हा ही पूर्वपरंपरा विसरली गेली, म्हणून ती येथे नमूद केली.

शब्दांची निवड :

वॉर्डल यांनी या खेळाचा पहिला कच्चा आराखडा २०१३ मध्येच तयार केला होता. तो रखडला. त्याचे एक कारण रंजक आहे आणि समीक्षेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचेही आहे. इंग्रजीतील पाच अक्षरी शब्द सुमारे १३ हजार भरतात. त्यातले बहुसंख्य शब्द कोशाबाहेर कोणी पाहिलेले नसतात. अशा यादीतून निघालेले उत्तर खेळाडूला हरवते, पण हरल्यावर 'हे मला सुचायला हवे होते' अशी हळहळ त्याच्या मनात उमटत नाही. उलट फसवणूक झाल्यासारखे वाटते.

महासाथीच्या काळात वॉर्डल आणि त्यांच्या जोडीदार पलक शाह हे दोघे 'टाइम्स'ची शब्दकोडी आणि 'स्पेलिंग बी' सोडवू लागले, आणि जुना आराखडा पुन्हा हाती घेतला गेला. या वेळी यादी पलक शाह यांच्यासमोर ठेवण्यात आली. एकेक शब्द पाहून तो आपल्याला माहीत आहे, माहीत नाही की कदाचित माहीत असावा, एवढेच त्यांनी सांगायचे होते. त्यासाठी वॉर्डल यांनी एक छोटी स्वतंत्र आज्ञावलीही तयार केली. या चाळणीतून उत्तरांची यादी २,३१५ शब्दांवर आली. गाळलेल्या शब्दांपैकी १०,६५७ शब्द 'प्रयत्न' म्हणून स्वीकारार्ह ठेवण्यात आले. म्हणजे खेळाडूला वाटेल तेवढा मोठा कोश वापरण्याची मुभा, पण उत्तर मात्र रोजच्या भाषेतलेच.

ही दुहेरी यादी म्हणजेच 'वर्डल'चे खरे संपादन होय. रंग, चौकटी, कळफलक हे कोणीही आठवड्याभरात उभे करू शकतो, आणि अनेकांनी तसे केलेही. एका वाचकाच्या कानाला ओळखीचे वाटणारे सव्वादोन हजार शब्द हाती एकेक करून निवडणे हे काम मात्र वेगळ्या जातीचे आहे. 'एकट्याने बनवलेला खेळ' हे वर्णन म्हणूनच अपुरे ठरते. शाह यांचा उल्लेख बहुतेक ठिकाणी 'ज्यांच्यासाठी खेळ बनवला त्या' असा भावनिक अंगाने येतो. वास्तविक त्यांना सहलेखिका म्हणणे अधिक न्याय्य होईल.

अर्थात एका व्यक्तीची ओळख हा भाषेचा निकष मानल्यावर त्याच्या मर्यादाही येतात. १२ जानेवारी २०२२ चे उत्तर 'फेवर' होते, तेही अमेरिकन पद्धतीने, 'यू' अक्षर वगळून. ब्रिटनमधील खेळाडूंनी त्यावर बरीच नाराजी व्यक्त केली. तक्रार विनोदी सुरात असली तरी मुद्दा गंभीर होता. कोडे जगाचे झाले होते, यादी मात्र एका घराची होती.

नकारांची रचना :

ऑक्टोबर २०२१ मध्ये हे कोडे वॉर्डल यांच्या वैयक्तिक संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले झाले. त्यापूर्वी ते काही महिने दोघांपुरते आणि मग कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटापुरते होते. त्यात काय नव्हते याची नोंद घेतली पाहिजे. जाहिरात नव्हती. खाते उघडणे नव्हते. भ्रमणध्वनीवर उतरवून घ्यायचे ॲप नव्हते. आठवण करून देणारे संदेश नव्हते, आणि एक कोडे सुटल्यावर दुसरे मागण्याची सोय नव्हती.

या नकारांकडे केवळ सज्जनपणा म्हणून पाहणे भाबडेपणाचे होईल. त्यांत आर्थिक आणि तांत्रिक सुसंगती आहे. संपूर्ण खेळ, दोन्ही यादींसह, एकाच पानातून खेळाडूच्या ब्राउझरमध्ये उतरत असे. त्या दिवशीचा शब्द कोणता हे तारखेवरून तेथेच ठरे. गुणांची नोंदही खेळाडूच्याच यंत्रावर राही. कर्त्याच्या बाजूला साठवायचे काही नव्हते, म्हणून खेळाडू वाढले तरी खर्च फारसा वाढत नव्हता, आणि तो भागवण्यासाठी खेळाडूकडून पैसा किंवा माहिती घेण्याचीही निकड नव्हती. स्वतंत्रपणे काही निर्माण करू पाहणाऱ्याने हा भाग बारकाईने अभ्यासावा. वॉर्डल यांचे स्वातंत्र्य निश्चयाइतकेच या मांडणीतून आलेले आहे.

या मांडणीचा आणखी एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. जून २०२१ च्या तारखेपासून मोजलेली २,३१५ उत्तरांची रांग २०२७ च्या उत्तरार्धापर्यंत पुरणारी होती आणि ती आरंभापासूनच संपूर्ण, क्रमासह, पानात होती. ज्याला संगणकाची थोडीफार जाण आहे तो उद्याचाच नव्हे तर पाच वर्षांनंतरचा शब्दही पाहू शकत होता. जानेवारी २०२२ मध्ये ट्विटरवर दुसऱ्या दिवशीचे उत्तर फोडणारे एक स्वयंचलित खाते निघाले आणि ते बंद करावे लागले, ते याच उघडेपणामुळे. परंतु याच उघडेपणामुळे 'वर्डल' ही एक पूर्ण झालेली कृती होती. सहा वर्षांच्या पानांचे पुस्तक छापून वाचकाच्या हाती द्यावे आणि त्याने रोज एकच पान उलटावे, असा हा करार होता. तो मोडणे अत्यंत सोपे होते, आणि बहुसंख्य वाचकांनी तो पाळला.

या संयमाला एक अपवाद आहे. सलग किती दिवस कोडे सुटले याची मोजणी खेळात पहिल्यापासून होती. ती खंडित होऊ नये म्हणून माणसे प्रवासात, आजारपणात, मध्यरात्र उलटण्याची वाट पाहत खेळत राहतात. खेळाडूला बांधून ठेवण्याचे हे व्यापारी खेळांचेच तंत्र आहे. 'वर्डल'ला निर्व्याज ठरवणाऱ्या लेखनात या मोजणीचा उल्लेख टाळला जातो, हे योग्य नव्हे.

प्रसार :

१ नोव्हेंबर २०२१ रोजी ९० जणांनी हे कोडे सोडवले. २ जानेवारी २०२२ रोजी ही संख्या तीन लाखांच्या वर गेली आणि पुढच्या आठवड्याभरात वीस लाखांच्याही पलीकडे. या वाढीमागे विपणन नव्हते हे खरे. पण ती आपोआप झाली असे म्हणणेही चूक आहे. न्यूझीलंडमधील काही खेळाडू आपला खेळ कसा झाला हे ट्विटरवर रंगीत चौकोनांच्या चिन्हांनी हाताने टंकून दाखवत होते. ही युक्ती तेथील एका खेळाडूची. वॉर्डल यांनी ती पाहिली आणि डिसेंबर २०२१ च्या मध्यास खेळातच समाविष्ट केली.

या चौकोनांत शब्द दिसत नाही, खेळाचा प्रवास मात्र दिसतो. कोणी तिसऱ्या ओळीतच सर्व हिरवे केले, कोणी पाच ओळी चाचपडून सहाव्यात कसेबसे सुटले, हे एका नजरेत कळते. ज्याने खेळ खेळलेला नाही त्याला ही चित्रलिपी गूढ वाटते, आणि त्या कुतूहलातूनच नवा खेळाडू येतो. लक्षणीय बाब ही की या मजकुरासोबत संकेतस्थळाचा पत्ता जोडला जात नसे. पत्ता जोडला की तो जाहिरातीसारखा दिसतो, असे कर्त्याचे मत होते. प्रसाराचे रूढ शास्त्र नेमका उलट सल्ला देते. (दृष्टिहीन खेळाडूंची वाचक-आज्ञावली मात्र हे तीस चौकोन एकामागून एक मोठ्याने वाचत बसते, ही गैरसोय तेव्हाच निदर्शनास आणली गेली होती.)

म्हणजे प्रसाराचे साधन खेळाडूकडून आले, शब्दांची निवड जोडीदाराकडून, आणि नियम जुन्या खेळांकडून. वॉर्डल यांचे कर्तृत्व यामुळे उणे होत नाही. काय घ्यायचे आणि काय घ्यायचे नाही याचा विवेक त्यांचा होता. पण जे विकले गेले ते कोणाकोणाचे होते, हा प्रश्न येथून सुरू होतो.

हस्तांतर आणि त्यानंतर :

विक्रीवर टीका करणे सोपे आहे. तथापि जानेवारी २०२२ मधील परिस्थिती पाहता तो निर्णय समजण्यासारखा वाटतो. त्याच महिन्यात 'ॲपल'च्या दुकानात 'वर्डल'च्या नावाने पैसे घेणाऱ्या नकला आल्या आणि टीकेनंतर काढून टाकल्या गेल्या. आपल्या खेळाभोवतीच्या नकला आणि त्यांवरून होणारे वाद निस्तरत बसण्यात आपल्याला रस नाही, हे वॉर्डल यांनी मार्च २०२२ मध्ये खेळ-विकासकांच्या परिषदेत स्पष्ट केले. तांत्रिक मांडणीने त्यांना खर्चापासून वाचवले होते. कीर्तीपासून वाचवणारी मांडणी त्यांच्याकडे नव्हती.

फेब्रुवारी २०२२ मध्ये कोडे 'टाइम्स'च्या संकेतस्थळावर गेले. नियम बदलले नाहीत, आणि दैनंदिन कोडे विनामूल्यच राहिले. तरीही फरक लवकरच जाणवू लागला. माहिती गोळा करणाऱ्या जाहिरात-यंत्रणा पानात आल्या. काहींची सलग दिवसांची नोंद स्थलांतरात पुसली गेली. यादीतून काही शब्द वगळण्यात आले. परिणामी १५ फेब्रुवारी रोजी ज्यांच्या ब्राउझरमध्ये जुने पान उघडे राहिले होते त्यांचे उत्तर 'अगोरा' होते आणि इतरांचे 'अरोमा'. सर्वांना एकच शब्द, हा या खेळातील एकमेव नवा नियम, आणि तोच त्या दिवशी मोडला. ९ मे रोजी तर 'फीटस' (गर्भ) हा शब्द ऐनवेळी बदलण्यात आला. अमेरिकेत गर्भपातविषयक न्यायनिर्णयाचा मसुदा त्याच सुमारास फुटलेला होता. हा शब्द वर्षभरापूर्वीच रांगेत लागलेला असून योगायोगाने त्या दिवशी आला, असा खुलासा दैनिकाने केला. नोव्हेंबर २०२२ पासून कोड्याला स्वतंत्र संपादक लाभल्या.

संपादक असणे वाईट नाही. कदाचित आवश्यकच आहे. परंतु त्यामुळे छापून पूर्ण झालेल्या पुस्तकाचे रूपांतर रोज संपादित होणाऱ्या सदरात झाले. आता शब्दामागे संस्था आहे, आणि संस्थेला अडचणीचा शब्द टाळावा लागतो. आता खेळाभोवती वर्गणी आहे. विक्रीनंतरच्या तिमाहीत 'वर्डल'मुळे कोट्यवधी नवे वापरकर्ते आल्याचे कंपनीने सांगितले, आणि २०२४ मध्ये जुन्या कोड्यांचा संग्रह वर्गणीदारांसाठी उघडण्यात आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये 'टाइम्स'मधील तंत्रज्ञ कर्मचाऱ्यांनी संप केला तेव्हा वाचकांना त्यांचे आवाहन होते की संपकाळात 'वर्डल' आणि इतर खेळ खेळू नयेत. एका पाच अक्षरी कोड्याला हात लावणे वा न लावणे ही कामगार-प्रश्नावरील भूमिका व्हावी, हे ब्रुकलिनमधल्या मूळ पानाबाबत शक्यच नव्हते.

मार्च २०२४ मधील घटना अधिक बोलकी आहे. 'रिॲक्टल' नावाची एक खुली नक्कल 'गिटहब' या संकेतस्थळावर होती. तीवरून सुमारे १,९०० प्रती निघाल्या होत्या, आणि त्यांत इंग्रजीखेरीज इतर भाषांतील खेळही होते. 'टाइम्स'ने कायदेशीर नोटीस देऊन त्या काढायला लावल्या. दाव्यात सहा ओळींची चौकट आणि हिरव्या-पिवळ्या-करड्या रंगांचा संकेत यांवरही हक्क सांगितला होता. 'जॉटो', 'मास्टरमाइंड' आणि 'लिंगो' यांची परंपरा लक्षात घेता हा दावा खटकतो. जे अनेकांकडून आले ते एकाचे झाले, एवढाच त्याचा अर्थ निघतो. इतर दैनंदिन खेळांचे भवितव्यही असेच परावलंबी राहिले. गाणे ओळखण्याचा 'हर्डल' हा खेळ 'स्पॉटिफाय'ने जुलै २०२२ मध्ये घेतला आणि मे २०२३ मध्ये बंद केला.

मराठीच्या संदर्भात :

असे कोडे मराठीत करू पाहणाऱ्यासमोर पहिला प्रश्न 'अक्षर' म्हणजे काय हा येतो. आपल्या वृत्तपत्रीय शब्दकोड्यात एका चौकटीत मात्रेसह पूर्ण अक्षर बसते आणि कोणाला काही खटकत नाही. 'वर्डल'च्या पद्धतीत मात्र ते अडचणीचे ठरते. उत्तर 'विहीर' असेल आणि खेळाडूने 'वाहन' लिहिले, तर 'व' आणि 'ह' ही दोन्ही व्यंजने योग्य जागी असूनही तिन्ही चौकटी करड्या होतील. इंग्रजीत सव्वीस चिन्हे आहेत. मराठीत व्यंजन, स्वरचिन्ह आणि जोडाक्षरे मिळून एका चौकटीत येऊ शकणारी अक्षरे शेकड्यांनी भरतात, आणि सहा प्रयत्न अपुरे पडतात. उलट संगणकाच्या साठवणीप्रमाणे शब्द फोडला तर 'विहीर'चे पाच घटक होतात आणि 'वाहन'चे चार. दोन्ही शब्द त्र्यक्षरी असूनही चौकटी जुळत नाहीत. शिवाय लिहिताना व्यंजनाच्या आधी दिसणारी पहिली वेलांटी साठवणीत व्यंजनानंतर येते. 'व्यंजन बरोबर, मात्रा चूक' असा चौथा रंग योजणे हा यावरचा मार्ग आहे. मग तो खेळ 'वर्डल'ची नक्कल उरत नाही; आपल्या लिपीचे स्वतंत्र कोडे बनतो.

दुसरा प्रश्न यादीचा, आणि तो अधिक कठीण आहे. 'घर' हा शब्द कोशात आहे, 'घरात' नाही. विभक्तिरूपे स्वीकारली तर यादी लाखांवर जाते. नाकारली तर 'घरात' लिहिणाऱ्या खेळाडूला 'असा शब्द नाही' असे सांगावे लागते, आणि मराठी माणूस ते ऐकून घेणार नाही. 'वर्डल'ने इंग्रजी अनेकवचनांबाबत जो तोडगा काढला, म्हणजे प्रयत्न म्हणून मान्य पण उत्तर म्हणून बहुतांशी अमान्य, तोच येथे उपयोगी पडावा. ऱ्हस्व-दीर्घाचे काय करायचे हेही ठरवावे लागेल. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे आणखी चार नियम प्रमाण मानले तरी रोज टंकणारे हात ते पाळतातच असे नाही; वेलांटीच्या चुकीवर प्रयत्न बाद करणारे कोडे शुद्धलेखनाची परीक्षा होऊन बसेल.

कच्चा माल उपलब्ध आहे. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' हे शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधण्याजोग्या रूपात आहेत. परंतु त्यांतून काढलेली त्र्यक्षरी-चतुरक्षरी शब्दांची यादी म्हणजे वॉर्डल यांची २०१३ मधील यादीच. तीत आज कोणाच्याही ओठावर नसलेले शब्द खच्चून भरलेले असणार. पलक शाह यांनी जे केले ते कोणीतरी मराठीत करावे लागेल, आणि येथे एका घराची ओळख पुरणार नाही, कारण नागपूरला रोजचा असलेला शब्द रत्नागिरीला परका असू शकतो. चार-पाच महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी वेगवेगळ्या जिल्ह्यांत बसून तीच यादी चाळली, तर हे काम एका शैक्षणिक वर्षात होण्याजोगे आहे. ती यादी कोणत्या अटींवर खुली करायची, हे मात्र पहिला शब्द निवडण्यापूर्वीच लिहून ठेवावे लागेल.